वाढणाऱ्यानं बोलायचं नाही

शेगावचा केटरर ठरल्याची बातमी काजलला स्मारकात कळली, आणि तीही कौशल्याबाईंकडून. घरातली गोष्ट घरच्या सुनेला सगळ्यात शेवटी कळते, हे लग्नानंतर तिला पाठ झालं होतं. पण स्वतःच्या सासऱ्यांनी ठरवलेला बुफे अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी सांगावा, याचं तिला हसूच आलं.

“हसून काय राह्यली वं?” कौशल्याबाई म्हणाल्या. मागच्या खोलीत अंगणवाडीची पोरं खिचडी खाऊन आडवी झाली होती, म्हणून त्या पुढच्या दालनात पाय मोकळे करायला आल्या होत्या. “पनीर हाये, पुरी हाये, जिलेबी हाये. यंदा माणसाईले काही कराले नाही लागत. हात धुवायचे अन् तोंड उघडायचं.”

“तोंड उघडायचं?” काजलचं हसू थांबलं.

“मंग? जो रांधत नाही, वाढत नाही, तो बोलू शकते ना. तुहा सासरा काई येडा नाही.”

टेबलाभोवतीच्या बाकीच्या मुलींनीही पुस्तकातून माना वर केल्या. काजलनं पेन खाली ठेवलं. तलाठ्याच्या परीक्षेला जेमतेम दोन महिने उरले होते, मागच्या खेपेला ती थोडक्यात हुकली होती, आणि आता हे.

बाहेरच्या माणसाला बुफेत भिण्यासारखं काय, ते कळायचं नाही. पण रिंगणखेडमध्ये स्मारकदिनाचा स्वयंपाक हा नुसता स्वयंपाक नसतो. एकोणीसशे तीस साली जंगल सत्याग्रहात गावातले धडधाकट पुरुष राखीव रानातलं गवत कापून तुरुंगात गेले, महादेवराव गावंडे सगळ्यांच्या पुढे. मागे बायकांनी ज्वारी काढली, कपाशी वेचली, म्हशी व्याल्या त्याही निभावल्या. डिसेंबरात माणसं सुटून आली. ओवाळणी होईल, कौतुक होईल, अशा हिशेबानं छाती काढून वेशीत शिरली, तर बायकांनी सांगितलं, आज आम्ही बसतो, तुम्ही रांधा. महादेवरावांनी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे भाजले. निम्मे कच्चे राहिले, निम्मे करपले. वाढता वाढता ते तुरुंगातले पराक्रम सांगायला लागले, तेव्हा त्यांच्याच बायकोनं त्यांना गप्प केलं. वाढणाऱ्यानं बोलायचं नाही, ती म्हणाली, आम्ही जेवून राह्यलो.

पुढे महादेवराव गेले. चोपन्न साली गावानं श्रमदान करून त्यांच्या नावाचं स्मृती भवन बांधलं, आणि ती वार्षिक पंगतही भवनात मुक्कामाला आली. पुरुषांनी रांधायचं, बायकांनी आधी बसायचं, आणि वाढणाऱ्याच्या तोंडून ‘घ्या’ आणि ‘वाढू?’ याखेरीज शब्द निघायचा नाही. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या बायका एका जागी, पोटभर, आणि मध्ये बोलणारं कुणी नाही! मग स्मारकाचं काय करायचं, हे तिथेच ठरायला लागलं यात नवल नाही. जिला गोष्ट पटली तिनं तूप मागायचं. जिला पटली नाही तिनं पानावर हात आडवा धरायचा. ग्रामपंचायतीचा ठराव नंतर होई, पण तुपाच्या विरोधात जायची छाती आजवर एकाही सरपंचाला झाली नव्हती.

तसं त्या इमारतीनं काय काय पाहिलं होतं! आधी वाचनालय होतं. एकच वर्तमानपत्र यायचं, तेही एसटीनं शिळं होऊन, आणि महादेवरावांचे धाकटे भाऊ भागवतराव ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग वादळात शाळेचे पत्रे उडाले तेव्हा तिसरी-चौथी इथे आली आणि चांगली सात वर्षं राहिली. मग रेशनचं दुकान. मग एका साली कापूस इतका झाला, की खिडक्यांपर्यंत गंजी लागल्या आणि महादेवरावांचा फोटो तेवढा वर उरला. त्यानंतर टीव्ही आला. कोरोनात पुण्या-सुरतेहून आलेली पोरं इथेच पंधरवडाभर अडकवून ठेवली होती. ती गेल्यावर त्यांच्या खाटांच्या फळ्या मागे राहिल्या. प्रेमनं, म्हणजे काजलच्या नवऱ्यानं, त्या फळ्यांना पाय ठोकून टेबलं केली, आणि त्या साली बायकांनी तूप मागितलं ते अभ्यासिकेसाठी.

त्या फोटोचीही एक गंमत आहे. महादेवरावांनी उभ्या जन्मात फोटो काढला नव्हता. खामगावहून चित्रकार बोलावला, त्याला काहीतरी समोर हवं म्हणून भागवतरावांना फेटा बांधून बसवलं. मिशा काय त्या थोरल्याच्या ऐकीव मापाच्या, बाकी चेहरा जिवंत धाकट्याचा! पुढे कित्येक वर्षं भागवतराव वर्तमानपत्र वाचायला यायचे ते स्वतःच्या हार घातलेल्या तोंडाकडे पाठ करूनच बसायचे.

आणि त्याच भागवतरावांचा नातू, म्हणजे काजलचे सासरे हिंमतराव, आता स्मारकाचा हॉल करायला निघाले होते.

हिंमतराव मनानं वाईट नव्हते. दोनदा सरपंच झाले होते, गावात नळ त्यांनीच आणले, आणि कुणाच्या घरी मयत असो की बारसं, पहिली खुर्ची ते मांडत. पण त्यांना बोलायला लागायचं. बोलल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नसे. आणि त्यांची स्मारकाबद्दलची दोन्ही स्वप्नं, एकदा व्यायामशाळा आणि एकदा दुकानांचे गाळे, अशा दिवशी मोडली होती ज्या दिवशी ते हातात तुपाचं भांडं घेऊन मुक्यानं उभे होते. त्या दोन्ही वेळचं भाषण अजून त्यांच्या पोटात होतं.

“आता पाह्य,” संध्याकाळी ओसरीवर ते आईला सांगत होते. सत्यभामाबाई लसूण सोलत होत्या. “आपल्या गावच्या पोरीचं लगन, अन् वऱ्हाड शेगावले. काऊन? त जागा नाही. तिथला लॉनवाला म्हनते, भवन मले करारावर द्या, मी फरशी टाकतो, एसी लावतो, मागं किचन काढतो. गावाचा एक पैसा नाही. सांग बरं, यात वाईट काय हाये?”

“पनीर म्हंजे थे रबरावानी असते, थेच ना?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“माय, मी हॉलचं सांगून राह्यलो.”

“मी जेवनाचं इचारून राह्यली.”

प्रेम नुकताच वरवट बकालचं ठिबकच्या सामानाचं दुकान बंद करून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, “बाबा, रोडगेच करू ना. मी करतो यंदा.”

“तू? तुले चहा येते का बे?”

“चहा येते.”

“मागच्या साली तुह्या रोडग्यानं पंजाबदादाची दाढ हालली. अजून त्या बाजूनं खात नाही थो.”

सगळे हसले, प्रेमही हसला, आणि रोडग्यांचा विषय तिथेच बुडाला. पुष्पाबाई, हिंमतरावांच्या पत्नी, उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना हॉल हवा होता. दर लग्नाला जीपमध्ये कोंबून शेगाव गाठायचं आणि साडी चुरगळून परतायचं, याला त्या कंटाळल्या होत्या. शिवाय अभ्यासिका बंद झाली तर सून दुपारची घरात दिसेल, हेही मनात होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

काजलनं धीर केला. “बाबा, मग अभ्यासिकेचं काय?” ती चिखलीची. तिचं ‘मला’ आणि ‘तुम्हाला’ या घरात अजूनही पाहुण्यासारखं ऐकलं जाई.

“पाहू ना मंग. मंडळ करू, जागा काढू. अन् तुले घरात काय कमी हाये, बेटा? वरची खोली हाये, पंखा हाये. आरामात बस, वाच. कोनी ना म्हनते का?” हिंमतराव मनापासून बोलले. मग त्याच मायेनं पुढे म्हणाले, “बरं, जरासा चहा ठेव.”

दुपारपासूनचा हा तिसरा चहा होता. काजल आत गेली. पातेल्यात पाणी ओतताना तिला रडू येतं आहे की हसू, ते तिलाच कळेना. घरात तिला कुणी छळत नव्हतं, कुणी पुस्तक हिसकावत नव्हतं. उघड्या दाराच्या खोलीत बसलेल्या सुनेला जो तो मायेनं हाक मारायचा, इतकंच. सासऱ्यांना समोर उभं राहून ‘तुमचं चुकतं’ म्हणणं तिला या जन्मी जमणार नव्हतं. वर्षातला एक दिवस असा होता की ती बोलेल आणि ते ऐकतील. तोच दिवस त्यांनी पनीर देऊन विकत घेतला होता.

स्मारकदिनाला पंजाबराव सगळ्यांच्या आधी हजर झाले. हे महादेवरावांचे सख्खे नातू, एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांना हिंमतरावांनी आधीच आपल्या बाजूला वळवून घेतलं होतं. हॉलच्या दारात महादेवरावांचा अर्धपुतळा बसवू, खरा, ब्राँझचा, असा शब्द होता. भागवतरावांचं तोंड आजोबा म्हणून पाहण्यात पंजाबरावांचं आयुष्य गेलं होतं. पुतळ्याचं नाक तरी आपल्या नाकावर घ्यावं, अशी त्यांची साधी इच्छा होती.

अंगणात पांढऱ्या झालरीची टेबलं लागली होती. टोप्या घातलेली केटररची पोरं झाकणाखाली निळे दिवे पेटवत होती. पंजाबरावांनी जिलेबीचा वास घेतला, मान डोलावली, आणि मग त्यांना भिंतीला टेकवलेला फ्लेक्स दिसला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“हिंमत, हे काय हाये? ‘महादेव सेलिब्रेशन हॉल’?”

“लॉनवाल्यानं पाठवला, दादा. नमुना हाये.”

“स्मृती कुठं गेली?”

“आता दादा, लग्नाच्या हॉलवर स्मृती कशी लिहाची? लोकाईले तेरवीचं वाटते.”

“अन् राव?”

“कोनता राव?”

“महादेवराव! राव काढला तं मंग थो शंकर झाला ना बे! माह्या आजानं का कैलासावर गवत कापलं?”

हिंमतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून समजूत घालायला सुरुवात केली, पण तेवढ्यात बायका यायला लागल्या आणि त्यांचं लक्ष उडालं. पंजाबराव फ्लेक्सपाशीच उभे राहिले. तिकीट न काढता बसलेला प्रवासी सापडल्यावर ते असेच उभे राहत.

सत्यभामाबाई नातसुनेच्या हाताला धरून आल्या. टेबलांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ आत गेल्या, फोटोखाली भिंतीला टेकून मांडी घातली, पिशवीतून घरची पत्रावळ काढून पुढ्यात मांडली. त्यांच्या शेजारी कौशल्याबाई बसल्या. मग तिसरी, मग चौथी, प्रत्येकीच्या पिशवीत घरची पत्रावळ. पाहता पाहता दोन्ही भिंतींना रांगा लागल्या. काजल आजीच्या शेजारी बसली. पुष्पाबाई नवऱ्याकडे पाहत दारात थोडा वेळ रेंगाळल्या आणि मग रांगेच्या टोकाला टेकल्या.

“माय,” हिंमतराव आत आले, “हे बुफे हाये. उभ्यानं घ्याचं असते.”

“या वयात उभ्यानं जेवू? घोडा हाये का मी?”

“बरं, बस. पोट्टे आनून देतीन.”

“रांधलं कोनं?”

“केटररनं.”

“मंग केटररच्या मायले वाढ. मले काऊन वाढतं?”

रांगेतून हसू फुटलं. हिंमतरावांनाही हे अवघड वाटलं नाही. मुद्दा काढण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. “माय, केटरर पुरुषच हाये. पुरुषानं रांधलं म्हंजे रीत झाली.”

“थो का गवत कापून तुरुंगात गेल्ता?”

“मी तरी कुठं गेल्तो?”

“म्हनूनच तं रांधाचं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “थे जाऊन आले अन् तरी रांधलं. तुमी त गेलेही नाही, अन् नाव सांगता सगळीकडे.”

 हिंमतराव बाहेर गेले, केटररशी काहीतरी बोलले, परत आले. बायका तशाच बसलेल्या. पत्रावळी रिकाम्या. कुणी भांडत नव्हतं, घोषणा नव्हत्या. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, जणू एसटी यायची आहे आणि ती येणारच आहे.

“मी गोळी घेतली हिंमत,” सत्यभामाबाईंनी सहज सांगितलं. “शुगरची. आता पोटात काही पडलं नाही त मले भोवळ येईन.”

“माय!”

“येऊ दे. वय झालं.”

हे काजलला नको होतं. ती वाकून कुजबुजली, “आजी, माझ्यापायी असं करू नका. मी वरच्या खोलीत बसेन. तुम्ही दोन घास खा.”

“तुह्यापायी कोन करून राह्यलं?” आजी तितक्याच हळू म्हणाल्या. “मले रोडगे खाचे हायेत.” आणि त्यांनी पदराची गाठ काजलच्या हातात दिली. गाठीत गोळी जशीच्या तशी होती. काजलनं झटकन मान खाली घातली, नाहीतर तिचं तोंड सगळ्यांना दिसलं असतं.

बाहेर प्रेम मघापासून बापाच्या मागे-पुढे घुटमळत होता. खरं तर त्यानं दोन दिवस आधीच जाड रवाळ कणीक दळून आणून अंगणवाडीच्या खोलीत लपवली होती. गोवऱ्याही होत्या, वांगीही होती. नव्हता तो फक्त धीर. बापापुढे त्याचं तोंड आजवर दुकानाच्या भांडवलापुरतं उघडलं होतं. आता त्यानं दारातून आत पाहिलं. काजल रिकाम्या पत्रावळीपुढे मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते. ती हसू दाबते आहे हे त्याला काय माहीत! ती रडते आहे असंच त्याला वाटलं. त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं.

“संघपाल, गोवऱ्या काढ,” त्यानं मित्राला हाक मारली. संघपालनं अभ्यासिकेतल्या टेबलावर अभ्यास करून पोलिसात नोकरी मिळवली होती आणि आज सुट्टी टाकून आला होता. त्यानं काही न विचारता बाह्या सरसावल्या.

“प्रेम! काय करून राह्यला बे?” हिंमतराव ओरडले.

“रोडगे.”

“जेवन तयार हाये!”

“हाव, हाये. थे आपण खाऊ. बाया हे खातीन.”

हिंमतरावांनी मदतीसाठी पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी फ्लेक्स उचलला, उलटा केला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर वांग्यांचं पोतं रिकामं केलं. “मी वांगे चिरतो,” ते म्हणाले. “मागच्या वर्साच्या दाढेचा हिशेब मंग पाहू.”

मग काय! एकेक पुरुष चुलीकडे वळला. केटररच्या ताटांतून पनीर खात खात, उभ्यानंच, पण वळला. पोरांनी जिलेबीच्या टेबलाचा ताबा घेतला. केटरर पैसे आधीच मिळालेला माणूस होता. तो खुर्चीत बसून मजा पाहत राहिला. प्रेमची कणीक मात्र सैल झाली, हाताला चिकटली, गोळा होईना.

“हिंमत,” आतून आवाज आला, “डोळ्यापुढं काजवे दिसून राह्यले रे.”

हिंमतरावांनी जाकीट काढून खुर्चीवर फेकलं. “सरक बे तिकडं! कणीक अशी मळतात का? मोहन टाकलं का? पीठ आन अजून. अरे पीठ आन, पाहत काय राह्यला!” आणि दोन वेळचा सरपंच कोपरापर्यंत कणकेत गेला. आई आत भुकेली बसली आहे म्हटल्यावर त्या माणसाचे हात असे चालले, की त्या साली एकही रोडगा कच्चा राहिला नाही. करपले थोडे, पण ते रीतीला धरून होतं.

पंगत वाढली तेव्हा उन्हं खिडकीतून टेबलांच्या रिकाम्या जागेवर आली होती. प्रेमकडे वरण, पंजाबरावांकडे भाजीची बादली, आणि तुपाचं भांडं नेहमीप्रमाणे हिंमतरावांकडे. सत्यभामाबाईंनी गाठ सोडून गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या. हिंमतरावांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, की त्याचंच चित्र काढून भिंतीवर लावावं.

त्यांनी तोंड उघडलं. पंजाबरावांनी पळी बादलीवर वाजवली.

“घ्या,” हिंमतराव म्हणाले.

काजलनं रोडगा मोडला, पण घास घेतला नाही. बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरायला झालं होतं. शेवटी तिनं पत्रावळीकडेच पाहून सुरुवात केली.

“मला घरी त्रास काहीच नाही. आधी ते सांगते. बाबांनी वरची खोली दिली, पंखा दिला. पण तिथं बसले की चहा येतो.” ती थांबली. “म्हणजे मलाच ठेवावा लागतो.”

हशा पिकला. काही म्हाताऱ्या हसताना ठसकल्या.

“हसू नका हो, खरंच. पाहुणे येतात, फोन येतो, दूधवाला येतो. सगळे प्रेमानं हाक मारतात. नाही कसं म्हणणार? इथं मी दार लोटून घेते आणि संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारत नाही. मी तलाठी होईन की नाही, माहीत नाही मला. पण इथं बसते तेव्हा होईन असं वाटतं. तिकडं नाही वाटत.” आता तिनं मान वर केली. “लग्नं गावात व्हावीत हे बाबांचं म्हणणं मला पटतं. मांडव मैदानात घाला, भांडी इथं ठेवा, नवरीला नटायला अंगणवाडीची खोली द्या. लग्नाच्या दिवशी आम्ही पुस्तकं बांधून ठेवू, वाढायलाही येऊ. पण चावी लॉनवाल्याच्या हातात देऊ नका. मग आपल्यालाच विचारून आत यावं लागेल.”

हिंमतरावांच्या पोटात तीन भाषणं झाली होती आता.  समोर सून बोलत होती, ती या घरात आल्यापासून इतकी एकसलग कधी बोललीच नव्हती. आणि त्यांना पहिल्यांदाच लक्षात आलं, की ती बोलली नव्हती, कारण मध्ये आपण बोलत होतो.

“तूप,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

हिंमतरावांनी वाढलं. कौशल्याबाईंनी मागितलं. अभ्यासिकेतल्या मुलींच्या आयांनी मागितलं. ज्यांच्या पोरी लग्नाला आल्या होत्या त्या दोघी-तिघींनी पानावर हात आडवे धरले, आणि तोही त्यांचा हक्क होता. रांग सरकत सरकत टोकाला आली. टोकाला पुष्पाबाई होत्या.

पुष्पाबाईंना त्या क्षणी आठवत होतं ते वेगळंच. त्या नवी नवरी होत्या तेव्हा याच दालनात टीव्ही होता. रविवारी सकाळी गाव इथे जमायचं आणि त्या मागे, खांबाला टेकून बसायच्या. पडद्यावर काय चाललं होतं ते आता आठवत नव्हतं. आठवत होता तो खांब, आणि त्या वेळात त्यांना कुणी चहा मागत नसे, एवढंच. टीव्ही घरोघर आले तेव्हा गाव खूश झालं. त्या एकट्या खूश झाल्या नव्हत्या, आणि का, ते त्यांना आज कळलं.

“वाढू?” हिंमतरावांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती.

“तूप,” पुष्पाबाई म्हणाल्या. “हात आखडू नका.”

बायका उठल्यावर पुरुष बसले. आता वाढायला बायका, आणि त्यांना न बोलण्याचा नियम नव्हता, त्यामुळे दालनात कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. पंजाबराव चांगल्या बाजूच्या दाढेनं रोडगा चावत संघपालला पुतळ्याच्या नाकाविषयी सांगत होते. हिंमतराव फोटोखाली बसले होते, गप्प. वर हार घातलेला तोच चेहरा, खाली तोच, फक्त खालच्याच्या बाहीला कणीक होती.

काजल तुपाचं भांडं घेऊन रांगेतून आली. सासऱ्यांच्या पानाशी ती नेहमीसारखी न थांबता पुढे सरकली. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना तूप बंद केलं होतं आणि घरात ते पाळणं तिच्याचकडे होतं.

“काजल.”

ती वळली.

“तूप वाढ.”

दालनातला गलबला एकदम खाली आला. काजलनं सासूकडे पाहिलं. पुष्पाबाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. तिनं वाकून थेंबभर तूप रोडग्यावर सोडलं. तिला पुढचं नीट दिसेना, डोळे भरून आले होते.

“उद्या किती वाजता उघडतं तुमचं?” हिंमतरावांनी रोडगा कुस्करत विचारलं.

“दहाला, बाबा.”

“मंग दहापासून चहा आमचा आमी करून घेऊ.”

शेजारच्या पानावरून प्रेमनं मान वळवली. “बाबा, तुमाले चहा येते का?”

हिंमतरावांनी मुलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पान पुन्हा सुनेपुढे केलं.

“शिकीन ना बे,” ते म्हणाले. “वाढ वं, काजल.”